दाबून धर, बघू नको

शाहूपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी २००१

प्रिय राजू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून तू नाही ते मनात आणलं असशील, म्हणून आधीच सांगतो, आबा आहेत. परवाच डॉक्टर तपासून गेले. फोन असताना दादाला पत्र लिहायची हौस कशी आली, असं तू म्हणशील. अरे बाबा, फोन आबांच्या खाटेच्या उशाला आहे. तू रविवारी फोन करतोस, तुझी पूर्णिमावहिनी त्यांच्या डोक्याशी उभी राहून 'बरे आहेत' म्हणते आणि तू दिल्लीत निर्धास्त होतोस. त्या खोलीत याहून जास्त बोलायची सोय नाही, आणि हे एसटीडी बूथवर चार माणसांसमोर ओरडून सांगण्यासारखंही नाही. शिवाय मी जे सांगणार आहे ते ऐकून तू आधी हसशील. हसून घे. पहिले दोन दिवस मीही हसत होतो.

बातमी अशी की तुझ्या दादाला मिशी राहिलेली नाही. ज्या मिशीवरून पूर्णिमा मला 'फौजदार' म्हणायची, ती गेली. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. कागलला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती, तोंडाला फेस होता, रेझरला नवं ब्लेड होतं, आणि मी मिशीची खालची कड सारखी करत होतो. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत तांब्या पडला. आबा अजूनही कधीकधी उजव्या हातानं पाणी घ्यायला जातात. अर्धांगाच्या झटक्यानं तो हात गेला, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. मी दचकलो आणि रेझर ओठावरून आडवा गेला. नव्या ब्लेडचं कापलेलं दुखत नाही, ते तुला माहीत आहे. आधी नुसतं गार लागतं आणि मग फेसात गुलाबी रंग उतरतो.

तोंडाला टॉवेल लावून आधी आबांना सावरलं, त्यांचं धोतर बदललं, आणि मग आरशापुढं आलो. गार पाणी मारलं, टॉवेल दाबला, तुरटी ओली करून फिरवली. आणि मग मी नेमकं तेच केलं जे करायचं नाही असं आबांनी आपल्याला पोरपणी बजावलं होतं. बस चुकेल या घाईत दर मिनिटाला टॉवेल उचलून बघत राहिलो, थांबलं का, थांबलं का. धरत आलेली खपली प्रत्येक वेळी माझ्याच हातानं निघत होती. बस गेली ती गेलीच.

तुला आठवतं का, तुझ्या गालावर लव होती तेव्हाच तू आबांच्या कपातला साबण तोंडभर फासून बसला होतास? काढायला काही नव्हतं, म्हणून कान कापून घेतलास. आई घाबरून हळद शोधायला धावली आणि तू वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून मोठ्या माणसासारखा उभा. आबा आपल्या लेथच्या दुकानातून आले, त्यांनी तो कपटा भिजवून अलगद सोडवला आणि म्हणाले, "छापलेलं कशाला चिकटवतोस? पेपर काय कानानं वाचाय लागलास?" मग स्वच्छ फडक्याची घडी करून त्यांनी कानावर अंगठा ठेवला. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, लोखंडाच्या चुरीनं हात रोज कुठं ना कुठं कापलेला. रक्ताचं त्यांना काही वाटायचं नाही. "दाबून धर. बघू नगंस. सारखं बघतंय त्येचंच वाहतंय," असं म्हणायचे. तुरटी त्याच्यानंतर. त्यांच्या मते रक्त थांबवणं हे औषधाचं काम नव्हतंच, धीराचं होतं. तो धीर आपल्या दोघांतल्या एकातही आला नाही, हे त्यांचं दुर्दैव.

असो. माझं थांबेना, तेव्हा दवाखाना गाठला. जखम ओठाच्या कडेवर होती, टाके घालावे लागले, आणि टाक्यांसाठी कंपाउंडरनं उजवीकडची मिशी साफ केली. आता अर्धी मिशी घेऊन माणूस जगणार कसा? येताना कोपऱ्यावरच्या दुकानात उरलेली काढून घेतली. न्हावी एरवी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचंही ऐकू देत नाही, पण त्या दिवशी तो गप्प होता. कात्री खाली ठेवल्यावर माझ्या कानाशी वाकून त्यानं हळूच विचारलं, "कवा झालं?" तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आपल्यात बाप असताना मिशी कोण काढतो? तुझ्याशिवाय, म्हणजे.

मी अर्ध्या रस्त्यात होतो, तोवर मागून स्कूटर थांबली. गणपतराव. आबांच्या दुकानात रोज चहाला यायचे ते. स्कूटर स्टँडला लावली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लई सोसलं आबांनी. सुटलं म्हणायचं." मी नाही नाही म्हणतोय, तर त्यांना वाटलं मला दुःख आवरत नाही, आणि त्यांनी मला छातीशीच धरलं. ओठाला टाके, त्यामुळे मला धड बोलता येईना. हसावं की रडावं ते कळेना.

घरी आलो तेव्हा आई पायरीवर सुपात गहू घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि सूप तिथंच टाकून आत पळाली. गहू पायरीभर. तिचे गुडघे किती दुखतात ते तुला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ती पळाली. मी मागोमाग गेलो तर ती खाटेशी उभी राहून आबांच्या नाकापुढं हात धरून श्वास चाचपत होती. आबा गाढ झोपले होते. मी बाहेरून येतोय आणि आबा आत तिच्याच राखणीत आहेत, हे माहीत असूनही तिला आधी वाटलं ते हेच. डोळ्यांपेक्षा रीत पुढं धावली. मग ती खाली बसली आणि मला एक शिवी दिली. आईच्या तोंडून शिवी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्या दिवसापासून मी घरात मफलर गुंडाळून वावरायला लागलो. थंडी होतीच, खोकल्याचं निमित्त केलं. आबांचं डोकं आता पहिल्यासारखं नाही, राजू. दिवाळीच्या आधी झटका आला तेव्हा तू येतो म्हणत होतास, पण डॉक्टरांनी त्यांना चिडू द्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून आई तुला ये म्हणू शकली नाही. बोलणं परत आलं, पण सकाळचं दुपारी राहत नाही. जुनं मात्र सगळं आहे. कोणाच्या मयताला कोण आलं नव्हतं, हेसुद्धा आहे.

मफलर चार दिवस टिकला असेल. मग शेजारच्या धोंडुबाई आल्या. गणपतरावांच्या तोंडून निघालेली बातमी गल्लीतून फिरून त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या माहेराहून तशाच आलेल्या, कुणाला काही विचारलं नाही. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी झाकून घेऊन थेट आत. आबा खाटेवर उशीला टेकून बसलेले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. धोंडुबाईंनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. आबांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांनी मफलर खाली ओढला आणि माझ्या ओठावरून बोट फिरवलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "मी गेलोय व्हय रं? कवा गेलो? मला कुनी बोल्ला बी न्हाईसा."

मी काय नाही सांगितलं? टाके दाखवले, ब्लेड आणून दाखवलं, पूर्णिमानं देवाची शपथ घेतली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी पाठ थोपटली. म्हणाले, "समजूत घालायलाईस. घाल. पर मी काय रडणारा न्हवं." तेव्हापासून त्यांनी जेवण सोडलं. हट्टानं नाही, रागानं नाही. ताट समोर नेलं की म्हणतात, "मला कशाला? भाईर ठेवा, कावळा शिवंल." आईच्या कपाळाकडं बघून त्यांनी एकदा विचारलं, "पुसलं न्हाईस अजून?" आई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून रडली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला कुणी असं विचारेल, आणि विचारणारा तोच असेल, हे तिनं काय म्हणून सोसायचं?

डॉक्टर म्हणतात, अशा दुखण्यात मेंदू एखाद्या गोष्टीला धरून बसतो, वाद घालू नका, खायला मात्र घाला. सांगणाऱ्याचं काय जातं! दूध चमच्यानं भरवतो ते ओठांच्या कडेनं गळतं. हात बघशील तर मनगटाचं हाड वर आलंय. मिशी परत वाढू दे, मग आपोआप पटेल, असं पूर्णिमा म्हणाली. मलाही वाटलं होतं. जरा खुंट आले तसे मी त्यांचं बोट धरून ओठावर फिरवलं. ते म्हणाले, "उगवती की. माझं दिवसकार्य झाल्यावर उगवतीच." घे आता. मिशी नाही म्हणूनही ते मेलेले, आणि मिशी येतेय म्हणूनही मेलेले.

त्या वेळी मला तुझी आठवण झाली. हॉटेलची नोकरी पक्की झाली, पुढच्या काउंटरवर मिशी चालत नाही म्हणाले, आणि तू त्र्याण्णव साली कुणाला न विचारता न्हाणीत जाऊन ती काढलीस. बाहेर आलास तेव्हा वरचा ओठ फाटलेला, रक्त हनुवटीपर्यंत. तिथली कातडी कोवळी असते, तिला ब्लेडची सवय नव्हती. आबा उभेच होते. मला वाटलं आता हात उचलणार. त्यांनी तुझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, घडी केली आणि तुझ्या ओठावर अंगठा दाबून धरला. किती वेळ उभे होतात दोघं, नाकाला नाक लागेल इतके जवळ! तुझे डोळे मिटलेले, ते तुझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत होते. मग तुरटी फिरवली, ओठ पुन्हा एकदा नीट बघितला, रक्त थांबल्याची खात्री केली आणि मग बोलले. "बाप जित्ता असताना काढलीस. माझ्यामागं काढाय तुझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई. तवा येऊ बी नगंस." तू ते शब्द घेऊन दिल्लीला गेलास. मला विचारशील तर मला अजून तो अंगठाच आठवतो. घालवून द्यायच्या पोराचं रक्त थांबेपर्यंत धरून ठेवणारा माणूस आहे तो.

आता जे लिहितोय ते मी पूर्णिमालाही सांगितलेलं नाही. आबांची दाढी मीच करायचो. न्हाव्याला त्यांनी दाढीला कधी हात लावू दिला नाही, झटका आल्यावर माझ्यावर कसाबसा विश्वास ठेवला. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून मी फार जपून करायचो. गरम पाण्याचा टॉवेल आधी, केसांच्या कलानं हात, उलटा हात कधीच नाही. पण गेल्या आठवड्यात गाल इतके आत गेलेले की कातडी ताणूनही सारखी होईना, आणि हनुवटीखाली जरासं कापलं. थेंबभर. मी टॉवेल लावला. टॉवेलवरचं लाल बघून आबा एकदम म्हणाले, "हे कुनाचं?" मी म्हणालो, "तुमचं, आबा. मेलेल्याचं रगात वाहतंय व्हय?" त्यांनी विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "न्हाई वाहत." पुन्हा टॉवेलकडं बघितलं. "व्हय की रं! हाय की मी!" आणि आईला हाक मारून त्यांनी भाकरी मागितली.

अर्धी भाकरी दुधात कुस्करून त्यांनी खाल्ली, राजू. आई भरवत होती आणि मी खालून हनुवटी दाबून धरली होती. एरवी चुटकीसरशी थांबावं असं ते कापलेलं, पण गोळीमुळं थांबेना. त्यांच्या शिकवणीप्रमाणे मी एकदाही उचलून बघितलं नाही. आधी अंगठा बधिर झाला, मग खांदा. ते घास गिळायचे तसा गळा माझ्या हाताखाली हलायचा, आणि मला इतकं बरं वाटत होतं की रक्त वाहतंय याची भीतीच वाटत नव्हती. दुपारी कधीतरी थांबलं. डॉक्टर आले, मला नाही नाही ते बोलले आणि ब्लेड बंद म्हणून सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट घेऊन गेलो. आबांनी माझ्या ओठाला हात लावला आणि विचारलं, "कवा गेलो रं मी?" कालचं सगळं पुसलेलं. दाढीचं सामान तिथंच खिडकीत होतं. माझा हात रेझरकडं गेला. एवढंसं कापलं तर अर्धी भाकरी. मी रेझर हातात घेऊन उभा राहिलो आणि किती कापलं तर चालेल याचा विचार करत होतो, माझ्या बापाच्या गळ्याकडं बघत. मग मला माझीच शिसारी आली. सामान कपाटावर टाकून दिलं, आरसा उलटा करून ठेवला. आता त्यांची दाढी वाढली आहे, पांढरी, विरळ. दाढी वाढलेले आबा तू कधी बघितले नाहीस. बघवत नाहीत.

आता पत्राचं कारण. चार दिवसांपूर्वी त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "राजूनं काढली का?" मला कळेचना. मग लक्षात आलं की त्र्याण्णव साल त्यांच्या डोक्यातून गेलं आहे. तू मिशी काढलीस, ते तुला बोलले, तू गेलास, यातलं काहीच नाही. त्यांच्या डोक्यात तुला ती कॉलेजातली मिशी आहे, आईच्या काजळानं काळी करायचास ती. मी पटकन म्हणालो, "न्हाई आबा, राजूनं न्हाई काढली." त्यांचा चेहरा उजळला. "थोरला खुळाच हाय, त्येचं काय खरं न्हाई. राजूची बघू दे. त्येनं बी काढली असंल तर गेलो म्हणायचं. न्हाई तर हाय मी. बोलीव त्येला." आणि दोन घोट आंबील प्यायले. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या ओठाला हात न लावता एवढंच विचारतात, "आला का?" आणि तुझ्या नावानं दोन घोट घेतात. तेवढ्यावरच आहेत. म्हणून हे पत्र हातात पडेल त्या दिवसापासून वरच्या ओठाला ब्लेड लावू नकोस. हॉटेलवाल्यांना काय वाटेल ते सांग, रजा काढ, नोकरी गेली तर इथं बघू. पण घाईनं तसाच बोडका निघून येऊ नकोस, त्यानं सगळंच संपेल. या चार दिवसांत त्यांना फारसं दिसेनासं झालंय, ते बोटानं बघतात, तेव्हा बोटाला लागेल एवढी येऊ दे आणि मग मिळेल त्या गाडीनं नीघ. तेवढे दिवस ते काढतील का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. आणि राजू, उशीर झालाच, वाटेत काही कळलंच, तरी ती तशीच घेऊन ये. माझ्या ओठावर टाक्यांच्या जागी केस येत नाहीत, बाकीचे नुसते खुंट आहेत. नदीवर त्यांच्यामागं काढायला आपल्या दोघांत एकाकडं तरी काहीतरी असायला हवं.

तुझाच,
बाळासो दादा